पिल्लाच्या तोंडचा घास



कोंबडीच्या पिल्लांना काय चारावे हा वसंत व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही मंडळींच्या मनात आली असेल. आमच्यासारख्या कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने संप, बोनस, किमान वेतन यांवर बोलावे, अशीही चालकांची अपेक्षा असावी. परंतु संघटनेच्या कामात आम्हांला एक खोड लागली आहे. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी बनवली, तिच्यात काय घातले आणि ते ठरवले कोणी, हे विचारल्यावाचून राहवत नाही. पिल्लांच्या खाद्याच्या पोत्याला आम्ही हेच तीन प्रश्न विचारले, आणि उत्तरे शोधता शोधता जावा बेटातल्या तुरुंगापर्यंत जाऊन पोहोचलो.

हल्ली शहरालगतच्या वसाहतींतून, परसात किंवा गच्चीवरसुद्धा, चारदहा कोंबड्या पाळण्याची हौस पुन्हा आली आहे. एक दिवसाची पिल्ले घरी आणली की दुकानदार विचारतो, "खाद्य सेंद्रिय देऊ की कंपनीचे?" येथे सुशिक्षित माणूसही गोंधळतो. एक शेजारी सांगतो, कंपनीच्या खाद्यात औषधे असतात. दुसरा सांगतो, सेंद्रियावर पिल्ले खुरटतात. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. मात्र ते तथ्य कोठून आले याचा पत्ता दोघांनाही नसतो.

पूर्वी आमच्या खेड्यांत हा प्रश्नच उद्भवत नसे. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर यायची, दोनतीन दिवस ती डालग्याखाली ठेवून कण्या टाकायच्या, आणि मग आई त्यांना उकिरड्यावर घेऊन जायची. पाखडून उरलेले पोचट दाणे, कोंडा, भाकरीचा चुरा, शेणातले किडे, गवताची कोवळी पाती यांवर ती वाढायची. काही ठिकाणी मडक्यात शेण आणि काटक्याकुटक्या भरून वाळवी लावीत आणि ती पिल्लांपुढे झटकीत. काय घालायचे हे घरची बाई ठरवी, आणि अंडी विकून आलेले चार पैसेही बहुधा तिच्याच कनवटीला राहत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मात्र आमची तयारी नाही. निम्मी पिल्ले घार, मुंगूस आणि मानमोडी यांनाच जात, आणि जगलेली कोंबडी वर्षाकाठी ५०-६० अंडी देई. त्या काळी सारे शुद्ध होते आणि सारे धडधाकट होते, असे सांगणाऱ्याने ती डालगी पाहिलेली नसावीत.

पिल्लाचे खाद्य हा शास्त्राचा विषय झाला तो एका अपघाताने, आणि कोंबड्यांसाठी तर मुळीच नव्हे. डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, बेरीबेरी या रोगाने शिपाई, खलाशी, कैदी आणि मळ्यांवरचे मजूर मरत होते. पाय लुळे पडत, सूज येई, हृदय थांबे. हा रोग जंतूंचा असावा या समजुतीने डच सरकारने १८८६ साली एक मंडळ पाठविले. मंडळ परत गेले. त्यातील एक तरुण डॉक्टर, क्रिस्तियान आइकमान, बटाव्हियाच्या म्हणजे आताच्या जाकार्ताच्या लष्करी इस्पितळातील प्रयोगशाळेत मागे राहिला. १८८९ साली त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्यांना एकाएकी तसाच रोग जडला. त्यांच्या पायांतील बळ गेले, माना वळल्या, त्या पडू लागल्या. जंतू तर सापडेनात. नोव्हेंबर महिन्यात उरलेल्या कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. जूनपासून कोंबड्या राखणारा नोकर इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला शिजवलेला भात, पांढराशुभ्र पॉलिशचा, त्यांना घालीत होता. नोव्हेंबरात नवा आचारी आला आणि त्याने हरकत घेतली. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही! कोंबड्या पुन्हा असडी तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. सरकारी नियमावर बोट ठेवणाऱ्या कारकुनी वृत्तीने मानवजातीचे असे भले केल्याचे दुसरे उदाहरण निदान आमच्या पाहण्यात नाही.

यापुढचा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. आइकमानच्या सांगण्यावरून व्होर्डेरमान या आरोग्य अधिकाऱ्याने १८९५ पासून जावा-मदुरा येथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. कैदी होते सुमारे पावणेतीन लाख. ज्या ३७ तुरुंगांत कोंड्याचा पापुद्रा राखलेला तांदूळ मिळे, त्यांपैकी एकातच बेरीबेरी आढळली. ज्या ५१ तुरुंगांत पॉलिशचा तांदूळ मिळे, त्यांपैकी ३६ तुरुंगांत ती होती. वाफेच्या गिरण्यांनी तांदूळ पांढरा केला आणि टिकाऊ केला. टिकाऊ माल ठेकेदाराला सोयीचा, म्हणून तो तुरुंगात, बराकीत आणि जहाजावर गेला. खाणाऱ्याला कोणीच विचारले नव्हते, कोंबडीला नाही आणि कैद्यालाही नाही. १९०१ मध्ये आइकमानचा उत्तराधिकारी ग्रिन्स याने सांगितले की तांदळात विष नाही, तर कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक द्रव्य निघून जाते. तोच पुढे जीवनसत्त्वांचा सिद्धान्त झाला. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाच्या इतिहासात कोंबड्यांचे नाव येते. कैद्यांची नावे येत नाहीत.

आता अमेरिकेकडे वळू, कारण पोत्यातले खाद्य जन्मले ते तिथे. १९१८ पासून तिथल्या टपालखात्याने एक दिवसाची पिल्ले पार्सलने नेण्यास सुरुवात केली. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा शिल्लक साठा असतो, त्यावर ते दोनतीन दिवस अन्नपाण्यावाचून काढू शकते. निसर्गाच्या या शिदोरीवर एक अख्खा व्यापार उभा राहिला. परंतु हिवाळ्यात कोंडून वाढवलेली पिल्ले पायांनी अधू होत. विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅलपिन आणि स्टीनबॉक यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की उणीव आहे ती उन्हाची, आणि उन्हाचे काम कॉड माशाच्या यकृताचे तेल करू शकते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मात्र उपयोगी पडत नाही, कारण त्यातला कामाचा भाग काच अडवते. गच्चीवरच्या बंद खोलीत पिल्ले ठेवणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.

एक चमचा तेलाने अंगणाचे काम केले, आणि अंगणाची गरज संपली. १९२३ साली डेलावेअर राज्यातील सेसील स्टील या शेतकरी बाईने ५० पिल्ले मागवली. चुकीने ५०० आली. तिने ती ठेवून घेतली, वाढवली आणि जगलेली ३८७ मांसासाठी पौंडाला ६२ सेंट या भावाने विकली. १९२६ पर्यंत ती १०,००० पिल्ले ठेवू लागली. ब्रॉयलर धंद्याचा आरंभ म्हणून हेच सांगितले जाते. येथवर, श्रोतेहो, निर्णय बाईच्याच हाती होता. त्या दशकांत खाद्य कापडी पोत्यांतून येई आणि कंपन्या पोत्यांवर फुलाफुलांचे छाप काढीत. बायका त्यांचे झगे शिवीत आणि छाप पाहून खाद्य निवडीत. कोणी यावर हसेल, पण आम्हांला ती निवड अगदी हिशेबी वाटते. आत काय आहे हे कळण्याचा मार्ग नसेल तर माणसाने निदान पोते तरी कामाचे घ्यावे!

मग निर्णय हलला. १९३० नंतरच्या मंदीत जॉर्जियातील गेन्सव्हिल गावचा खाद्यविक्रेता जेसी ज्युएल याने कंगाल शेतकऱ्यांना पिल्ले आणि खाद्य उधारीवर देण्यास सुरुवात केली. पक्षी वाढले की तो परत घेई आणि उधारी वळती करून घेई. पुढे त्याने उबवणी केंद्र काढले, कत्तलखाना काढला, आणि १९५४ मध्ये स्वतःची खाद्यगिरणीही काढली. शेतकऱ्याकडे शेड आणि श्रम राहिले. या पद्धतीकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

पोत्यात औषध शिरले तेही याच सुमारास. वनस्पतिजन्य प्रथिनांवर, म्हणजे मका-सोयाबीनवर, पिल्ले नीट वाढत नाहीत, मासळीची पूड घातली की वाढतात, हे ठाऊक होते. मासळीत असलेले ते अज्ञात द्रव्य म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, हे १९४८ मध्ये कळले. उकिरडा उकरणाऱ्या आपल्या गावठी पिल्लाला ते शेणातून आणि किड्यांतून फुकट मिळत होते. लेडर्ली प्रयोगशाळेत जूक्स आणि स्टोकस्टॅड हे ब-१२ चा स्वस्त साठा शोधत होते. ऑरिओमायसीन हे प्रतिजैविक काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना चारला. तो घेतलेली पिल्ले अपेक्षेहून कितीतरी अधिक वाढली. वाढ होती ती चोथ्यात राहून गेलेल्या औषधाच्या अंशाने. १९५० मध्ये ही वार्ता जाहीर झाली आणि १९५१ मध्ये अमेरिकन सरकारने असे खाद्य मंजूर केले. रोगी नसलेल्या पक्ष्याला रोज थोडे थोडे औषध, ही कल्पना अशी रूढ झाली. त्याआधी १९४४ सालीच रॉक्सार्सोन हे सोमलयुक्त औषधही पिल्लांच्या खाद्यात आले होते. त्याची विक्री अमेरिकेत २०११ साली थांबली.

जंतू या थोड्या थोड्या औषधाला सरावतात आणि मग तेच औषध माणसाच्या आजारात निकामी ठरते, असा इशारा ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्ये दिला. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके घालण्यावर संपूर्ण बंदी आणली ती १ जानेवारी २००६ पासून. इशारा आणि बंदी यांमध्ये ३७ वर्षे गेली. माणसांच्या इस्पितळात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात घातले जात असे. भारत सरकारने त्यावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. तेव्हा कंपनीच्या खाद्याविषयी शंका घेणारा शेजारी वेडा नव्हे.

पण मग नैसर्गिक ते निर्धोक असे म्हणावे, तर १९६० साल आड येते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले काही महिन्यांत मेली. रोगाचे नाव कळेना म्हणून त्याला 'टर्की क्ष रोग' म्हणत. अखेर दोष सापडला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. ओल लागून तिला बुरशी आली होती, आणि त्या बुरशीने यकृत जाळणारे विष तयार केले होते, तेच अफ्लाटॉक्सिन. यात कारखान्याचे रसायन काहीही नव्हते. भुईमूग, दमट हवा आणि वेळ, एवढीच सामग्री. चौदा वर्षांनी, १९७४ च्या अखेरीस, राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन आदिवासी शेतकरी आजारी पडले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. विष तेच होते. त्या मक्याला कोणी खत-औषध घातले नसले तरी त्याने काय फरक पडला असता?

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत, ती थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये अमेरिकेत खाद्यात मिसळलेल्या दूषित चरबीने लक्षावधी पिल्ले मेली. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे तेल मिसळलेली चरबी खाद्यात गेली. सरकारने माहिती वेळेवर दिली नाही म्हणून जनक्षोभ झाला आणि जूनच्या निवडणुकीत सत्ताधारी पडले. कोंबडीच्या खाद्याने मंत्रिमंडळ घालविल्याचा हा प्रसंग आमच्या राज्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे.

'सेंद्रिय' या शब्दाचे मूळ मात्र आपल्या जवळच आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेत होता. काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची त्याची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पुढे त्याच्या विचारांची चळवळ झाली आणि चळवळीचे कायदे झाले. अमेरिकेचा कायदा १९९० चा असून नियम लागू झाले २००२ मध्ये. आपला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमही याच सुमारास, २००० नंतर, सुरू झाला. तेव्हा सेंद्रिय खाद्य म्हणजे घरचे खाद्य, असा समज असेल तर तो सोडावा. सेंद्रिय खाद्यही कारखान्यात दळले जाते, पोत्यात भरले जाते आणि नफ्यासाठीच विकले जाते. फरक इतकाच की त्यातील धान्य रासायनिक खते व कीटकनाशके यांवाचून पिकवल्याची आणि त्यात प्रतिजैविके नसल्याची कागदोपत्री हमी असते. उलट, फवारलेल्या शेतातला मका घरच्या जात्यावर भरडला म्हणून तो सेंद्रिय होत नाही.

या कायद्यांना पिल्लांनीच एकदा पेचात पकडले. पिसे फुटण्याच्या वयात पिल्लाला मेथिओनिन हा प्रथिनातला घटक भरपूर लागतो, आणि मका-सोयाबीनच्या मिश्रणात तो कमी पडतो. किडे किंवा मासळी दिली तर प्रश्न सुटतो. पण हजारोंच्या शेडमध्ये किडे आणायचे कोठून? साधारण कारखाने रासायनिक रीतीने बनवलेले मेथिओनिन घालतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनी तेच कृत्रिम द्रव्य मुदत घालून चालू दिले, मग मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली, आणि शेवटी प्रमाणाची मर्यादा घालून ठेवले. सेंद्रियावर पिल्ले खुरटतात या तक्रारीचे मूळ येथे आहे. आपल्याकडे तिळाच्या पेंडीत हा घटक चांगला असतो, सुकटीतही असतो. घरगुती मिश्रण करणाऱ्याला तो मार्ग मोकळा आहे.

पिल्लू कोणते आहे, हेही पाहावे लागते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयोगी आहे. १९५७ आणि १९७८ या काळांतील कोंबड्यांचे वंश त्यांनी जपून ठेवलेले होते, आणि तिसरा वंश २००५ चा होता. तिन्ही वंशांच्या पिल्लांना एकच खाद्य दिले. ५६ दिवसांनी पहिल्याचे वजन भरले सुमारे ९०० ग्रॅम, दुसऱ्याचे १,८००, आणि तिसऱ्याचे ४,२००. तेव्हा अवाढव्य वाढीचे मुख्य कारण पोत्यात नसून अंड्यात आहे. असे ब्रॉयलर पिल्लू कण्यांवर सोडले तर ते शुद्ध राहणार नाही, लंगडे होईल. गावठी पिल्लाला मात्र पहिले सहा-आठ आठवडे सुमारे २० टक्के प्रथिनांचे बाळखाद्य मिळाले आणि पुढे ऊन, माती व हिरवा पाला मिळाला, तर पोत्यावर कोणता शिक्का आहे याने फारसे बिघडत नाही. कोरडे, ताजे, बुरशीचा वास नसलेले आणि भरल्याची तारीख छापलेले पोते घ्यावे. सेंद्रिय पण सहा महिने पडून राहिलेल्या पोत्यापेक्षा महिन्याभरातले साधे पोते आम्ही पसंत करू. रक्ती हगवणीचे औषध त्यात मिसळलेले आहे की नाही हे विचारून घ्यावे. विचारल्यावर दुकानदाराला सांगता येत नसेल, तर दुकान बदलावे.

इतके झाले ते निवड करू शकणाऱ्यांसाठी. आमच्या राज्यातील पुष्कळ कोंबड्या ज्यांच्या हातून वाढतात, त्यांना ही निवड नाही. जेसी ज्युएलची पद्धत १९९० नंतर कोइमतूर भागातून पसरत महाराष्ट्रात आली. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, खाली पसरायचे तूस आणि रात्रीची जागरणे शेतकऱ्याची. त्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो, आणि तो चार्ज किती किलो खाद्यात किती किलो वजन भरले यावर कमीजास्त होतो. म्हणजे ज्या पोत्यात काय आहे हे त्याला ठाऊक नाही, त्या पोत्याच्या गुणावर त्याची मजुरी ठरते. गिरणीत वाईट सूत देऊन विणकराची मजुरी कापण्याचा प्रकार आमच्या आधीच्या पिढीने पाहिला होता. हा त्याचाच भाऊ आहे. आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांनी पहिली मागणी दराची मांडली नाही. पोती वजन करून मिळावीत आणि प्रत्येक खेपेचा नमुना सीलबंद करून दोन्ही पक्षांकडे राहावा, ही मांडली.

हा गुंता कोठवर जातो ते २०२१ साली दिसले. भारतात पूर्वी कोंबडखाद्यातील प्रथिनांचा मोठा आधार भुईमुगाची पेंड होता. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन पसरले आणि तिची जागा सोयापेंडीने घेतली. हॉवर्डचे इंदूर हेच त्या सोयाबीनच्या व्यापाराचे केंद्र झाले, हा इतिहासाचा एक विनोद. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीनचे भाव भडकले, पेंड महागली, आणि कुक्कुट व्यावसायिकांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली. विदर्भ-मराठवाड्यातील नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर भाव कोसळले. शेतकऱ्यांनी आयातीविरुद्ध आवाज उठविला, तिकडे पेंड स्वस्त झाली म्हणून पक्षी पाळणारे सुस्कारा सोडीत होते. आणि आमच्या ओळखीची अशी कुटुंबे आहेत की ज्यांच्या एका बांधावर सोयाबीन आहे आणि दुसऱ्या बांधावर शेड. त्यांनी कोणत्या मोर्चात जायचे?

आम्ही पाहिलेल्या करारपत्रांत एक कलम हमखास असते: रोग पसरू नये म्हणून शेडच्या आसपास घरच्या कोंबड्या पाळता येणार नाहीत. रोगाच्या दृष्टीने ते कलम बरोबरच आहे. त्यामुळे घरात दहा हजार पक्षी असतात आणि डालगे माळ्यावर पडलेले असते. पिल्लांपुढे काय टाकायचे हे ठरविणारी घरची बाई आता सकाळ-संध्याकाळ पोती फोडून भांडी भरते, आणि अंडी दुकानातून आणते.